बर्फावरचे बुडबुडे

८ जानेवारी

शाळा सुरू झाली. माझ्या वर्गात पहिली-दुसरीची मिळून नऊ पोरं, आणि नऊही जण सुट्टीभर घरात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिलांसारखी आलेली. दुपारपर्यंत माझं डोकं उठलं. डिसेंबरपासून सूर्य टेकडीवर आलेला नाही. जेवणाच्या सुट्टीत थोडा निळा उजेड पडतो, मग पुन्हा दिवे.

शिक्षकांच्या खोलीत ओनेर्वाने नवीन टुमणं काढलं. ती गेल्या ऑगस्टमध्ये दूर दक्षिणेतल्या तुर्कू शहरातून आली, मोठ्या मुलांना शिकवते, सव्वीस वर्षांची आहे आणि जिने धावत चढते. म्हणाली, पोरांना बाहेर काढून विज्ञान शिकवू या. थंडीत साबणाचे बुडबुडे फुगवायचे आणि ते गोठताना बघायचे. महिनाअखेरीला तळ्यावर आईबापांना बोलवायचं, पोरांनीच त्यांना समजावून सांगायचं. शाळेत शिक्षक आम्ही दोघीच, त्यामुळे लहान मुलं माझ्या वाट्याला. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. थकले आहे हे एकच कारण होतं, पण ते त्या मुलीला काय सांगायचं.

येताना चढावर मध्येच थांबून आकाश बघितलं. दक्षिणेला गुलाबी पट्टा होता. हल्ली मी आकाश बरंच बघते. तायस्तो म्हणतो, गाडीने सोडतो. जन्मभर बर्फ सारायचा ट्रक चालवला, आता निवृत्त झाल्यावर नवरोबांना कुणाला तरी कुठेतरी सोडायचं असतं. मी म्हटलं, मला माझे पाय आहेत.

११ जानेवारी

स्वयंपाकघरात साबणाचं पाणी करून पाहिलं. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, साखर, थोडं ग्लिसरीन. ढवळून फ्रिजमध्ये ठेवायचं, नाहीतर बुडबुडा गोठायच्या आधीच फुटतो. तायस्तोने विचारलं, साबणात साखर कशाला. मी सांगितलं, बुडबुड्याची कातडी जाड व्हावी, ती लवकर सुकू नये म्हणून. तो म्हणाला, "मग थोडी आपल्याला दोघांनाही चोळ."

शनिवार होता. त्याने वाफेच्या अंघोळीसाठी सौना तापवलं. मी नाही गेले. आतल्या गरमीने हल्ली छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. तो खांद्यावर पंचा टाकून दारात बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, गेल्या शनिवारीही नाही आलीस. मी म्हटलं, उद्या बघू. एवढं काय त्यात लक्षात ठेवायचं.

१४ जानेवारी

उणे सात आणि वारा. अगदीच फजिती. बुडबुडे लाकडांच्या खोपटावरून उडून जायचे आणि फुटायचे. साबणात भिजलेले हातमोजे सुक्या मासळीसारखे कडक झाले. इसाक्की हा आमच्या वर्गाचा तोंडाळ. तो म्हणाला, "बाई, हे उन्हाळ्यातलेच बुडबुडे आहेत. फक्त आपण कुडकुडतोय." बाकीची खिदळली. मलाही हसू आलं असतं, पण पायऱ्या चढून आत आले आणि बूट काढायला बाकावर बसले ती उठायचं मनच होईना. पोरं आपापले कपडे खुंट्यांना लावून वर्गात गेली तरी मी तिथेच.

काळोखाचा परिणाम असणार. दरवर्षी थोडा होतो, या वर्षी जास्त झालाय.

१७ जानेवारी

उणे चोवीस. हवा जराही हलत नव्हती, गावातला सगळा धूर सरळ वर चाललेला.

आज जमलं. नळीचं टोक साबणात बुडवायचं, बर्फाच्या अगदी जवळ धरायचं आणि हळू फुंकायचं. बुडबुडा बर्फावर टेकून बसतो. क्षणभर काहीच होत नाही. मग तळाशी एक पीस उमटतं, त्याच्या शेजारी दुसरं, आणि ती पिसं वर चढत एकमेकांना गाठतात. एखादं पीस सुटून बुडबुड्यावर गरगर फिरतं. शेवटी सगळा गोळा पांढरा होतो आणि थांबतो. नऊच्या नऊ पोरं पोटावर पालथी पडून बघत होती. इसाक्कीसुद्धा गप्प.

सुरुवात खालूनच का होते, असं कुणीतरी विचारलं. पाण्याला गोठायला कशाचा तरी आधार लागतो, खालच्या बर्फाचा कण त्याला तो देतो, असं मी सांगितलं. मग मी विचारलं, बुडबुड्याच्या आत काय आहे. इसाक्की म्हणाला, हवा. सायमी सहसा बोलत नाही. आज बोलली. "हवा नाही, श्वास आहे. ज्याने फुंकलं त्याचा."

सायमी सातूची मुलगी. सातूलाही मीच शिकवलं होतं. तळ्यापलीकडच्या घरात दोघीच राहतात. सायमीचा आजोबा गेल्या वसंतात गेला, तेव्हापासून पोर फार गप्प झालीये. ती बोलली याचं मला बरं वाटलं. म्हटलं, बरोबर, आणि श्वास गरम असतो म्हणून फुगा मोठा होतो, थंड झाला की आक्रसतो.

माझे बुडबुडे मात्र अक्रोडाएवढेच होत होते. पोरांचे कोबीएवढे. थंडीत माझे ओठ बधिर होतात. शेवटी नळी त्यांच्याकडेच सोपवली. स्वतःच्या हाताने केलं की मुलं जास्त शिकतात.

२१ जानेवारी

सूर्य आला. टेकडीच्या खांद्यावर जेमतेम बोटभर, पण आला. पोरं खिडकीला चिकटली. स्वयंपाकिणीने सगळ्यांना मलईचे पाव दिले.

मला आनंद व्हायला हवा होता. मला एवढंच वाटलं की आता जूनपर्यंत हा वर वर येतच राहणार, आणि त्याच्याबरोबर सगळे उठून कामाला लागणार.

बूट घट्ट होतायत. तायस्तोने आत घालायला आणलेले नवे लोकरी तळवे जाड आहेत. त्याला सांगितलं तर खाली बसून माझ्या पायावर अंगठा दाबून बघायला लागला. खड्डा पडला, तो भरून यायला वेळ लागला. "सुजलेत," म्हणाला. मी म्हटलं, खारवलेला मासा खाल्ला की सुजतातच. तो उठून फोनकडे गेला आणि आरोग्य केंद्राला फोन लावला. त्याच्या गुडघ्यांसाठी असेल. पाच फेब्रुवारीची वेळ मिळाली.

२४ जानेवारी

आता आरामखुर्चीतच झोपते. आडवं पडलं की घुसमटतं, गादी जुनी झालीये. शिवाय तायस्तो घोरतो. आज सकाळी त्याला तसं म्हटलं तर कॉफी ओतता ओतता थांबला. "घोरायला मी झोपतोय कुठे?" एवढंच म्हणाला आणि कप माझ्याकडे सरकवला. म्हातारपणी झोप कमी होते खरी. डोळे किती खोल गेलेत त्याचे. स्वतःकडे बघत नाही तो.

२७ जानेवारी

आज मी वाईट वागले. लिहून ठेवते.

उणे एकोणतीस होतं. इतक्या थंडीत बुडबुडे वरच्या वर गोठतात आणि आपटले की अंड्याच्या टरफलासारखे तडकतात. पोरांनी शर्यत लावली, कुणाचा सगळ्यात मोठा. मलाही ओढलं. मी फुंकलं आणि मध्येच खोकला आला. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. इसाक्की म्हणाला, बाईंचा बुडबुडा बाळ आहे. त्याचं काही वाटलं नाही. पण सायमी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, थेट माझ्या तोंडाकडे बघत. आणि सगळ्यांसमोर विचारलं,

"बाई, तुम्ही पलंगावर झोपता की खुर्चीत?"

मला इतका राग आला. तिला काय करायचंय मी कुठे झोपते. घरात कुणीतरी काहीतरी बोललं असणार, गावात कुणाची गोष्ट झाकून राहत नाही. मी म्हटलं, आपल्या कामाकडे बघ. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. मग दिवसभर तिने नळीला हात लावला नाही.

पस्तीस वर्षांत मी मुलांवर असं खेकसले नव्हते. आता कंटाळाच आलाय मला त्यांचा, दुसरं काय. कंटाळलेल्या माणसाने वर्गात उभं राहू नये.

ओनेर्वाने न विचारताच माझा मैदानावरचा तास घेतला. म्हणाली, मला नाहीतरी हवा खायची होती.

२९ जानेवारी

दुकानातून ब्रेड घेऊन बाहेर पडले तर ओसरीत तायस्तो आणि ओनेर्वा बोलत उभे. मला बघितल्याबरोबर दोघं गप्प. ओनेर्वा उगाच थंडीबद्दल बोलू लागली. तायस्तोने माझ्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत एकच ब्रेड होता.

आता लक्षात येतंय. आधी मैदानाचा तास, मग दुपारी शिक्षकांच्या खोलीत जाऊन कुणाला तरी हळू आवाजात फोन करणं, काल माझ्या टेबलावरच्या वह्या परस्पर तपासून ठेवणं. तिला माझा वर्ग हवाय. आणि माझ्याच नवऱ्याकडून ती माझं मन वळवतेय. वसंतात मी स्वतःच राजीनामा देणार होते. पण असं ढकललं जाणं नको वाटतं.

परवा तळ्यावरचा कार्यक्रम. तो पार पाडीन, नीट पार पाडीन, मग बघू.

३ फेब्रुवारी, रोव्हानिएमी, इस्पितळ

तायस्तोने ही वही आणून दिली. हाताला सुई टोचलेली आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय.

तळ्यावर सगळं गाव आलं होतं. उणे सव्वीस, वारा नाही, टेकडीमागे पिवळा उजेड. पोरांनी बर्फात ओळीने चौथरे केले होते, प्रत्येकाचा एक. आईबाप पोरांच्या शेजारी गुडघे टेकून बसले. इसाक्की त्याच्या बापाला सांगत होता की पाण्याला गोठायला आधार लागतो, माझेच शब्द, फक्त मोठ्या आवाजात. मला वाटलं, हे झालं म्हणजे मी सुटले.

माझं पुढे जाऊन चार शब्द बोलायचं ठरलं होतं. शाळेकडच्या काठापासून तिथपर्यंत अंतर काहीच नाही. अर्ध्यावर पोरांची एक घसरगाडी पडलेली होती, मी तिच्यावर बसले. वाटलं जरा बसू, मग उठू. सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मी हात हलवला, पुढे चालू द्या. उठायला गेले तर बर्फ वर आणि आकाश खाली होऊ लागलं. पुन्हा बसले. तोंड उघडलं तर शब्दाला पुरेल एवढी हवाच नव्हती.

सायमी आपला चौथरा सोडून आली. माझ्यासमोर उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून. आणि गळा ताणून म्हणाली,

"बाईंना श्वास येत नाहीये. त्या सांगत नाहीत, पण येत नाहीये. कितीतरी दिवस."

मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणायचा प्रयत्न केला की मला काही झालेलं नाही. तायस्तो गाडी थेट बर्फावर घेऊन आला होता. आधीपासूनच काठावर इंजिन चालू ठेवून बसला होता म्हणे. मी डोकं हलवलं, पोरांचं संपू दे. तो माझ्यासमोर बसला, हातमोजे काढले, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. चारचौघांत त्याने मला असं कधी धरलेलं नाही.

"इर्या," तो म्हणाला, "रात्रभर मी तुझे श्वास ऐकत पडलेला असतो. एक झाला की दुसरा येतोय का बघतो. मला नाही आता जमत. बस गाडीत."

मी बसले.

४ फेब्रुवारी

हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप अरुंद झालीये. डॉक्टरीण म्हणाली, हे आज झालेलं नाही, वर्षभर तरी तुम्हाला चढावर धाप लागत असणार. मी म्हटलं, मी आकाश बघायला थांबायचे. ती हसली नाही. तायस्तो खिडकीकडे बघत बसला.

झडप बदलायला औलूच्या मोठ्या इस्पितळात पाठवतील. मला भीती वाटतेय का असं तिने विचारलं. खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी झोपून राहा असं सांगतंय. भीती नंतर, जेवण आलं तेव्हा वाटली.

५ फेब्रुवारी

ती पाच तारखेची वेळ त्याच्या गुडघ्यांसाठी नव्हती. आज सकाळी त्याने फोन करून ती रद्द केली तेव्हा माझं नाव सांगितलं.

मग ओनेर्वाचंही विचारलं. दुपारी ती त्यालाच फोन करायची, मी जेवले का, पायऱ्या चढताना थांबले का, हे सांगायला. "मीच सांगितलं होतं तिला," तो म्हणाला. "तू मला ओरडली असतीस, तिला ओरडणार नाहीस असं वाटलं." माझ्या पाठीमागे दोघांनी हे चालवलं याचा मला अजूनही थोडा राग आहे. तो असू दे. टिकून राहायला तोच उपयोगी पडेल, अंगात दुसरं काही उरलेलं नाही.

१२ फेब्रुवारी, औलू

उद्या शस्त्रक्रिया. तायस्तो सोफ्यावर बसल्या बसल्या डुलक्या काढतोय. त्याला हॉटेलवर जा म्हटलं तर ऐकत नाही.

मला पोरांचा कंटाळा आलाय असं मी इथे लिहिलं होतं. आज दिवसभर तीच पोरं आठवत होती. पालथी पडलेली, बुटांचे तळवे आकाशाकडे. कंटाळा आणि थकवा एकच नसावेत. मला फरक कळत नव्हता.

१९ फेब्रुवारी

जिवंत. खोकलं की छाती उकलेल असं वाटतं. उशी छातीशी धरून खोकायला शिकवलं. आडवी झोपले, घुसमटलं नाही. जास्त लिहवत नाही.

२ मार्च

घरी. काल दुपारी पोचलो. तायस्तोने सामान आत आणलं, चुलीत लाकडं घातली आणि बाकावर जरा टेकतो म्हणून बसला. बसल्या जागी कलंडला. बूट पायातच. मी हलवलं नाही, माझ्या अंगावरचं घोंगडं त्याच्यावर टाकलं. शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा हळू आवाजात सांगितलं, झोपलाय, नंतर करा. जेवणाची वेळ झाली, गेली. घोरत होता, आणि चांगला घोरत होता.

१६ मार्च

ओनेर्वा आली होती, वेलदोड्याचा गोड पाव, पुल्ला घेऊन. पोरांनी काढलेली चित्रं आणली. आता दुपारी पागोळ्या गळतात, बुडबुडे गोठत नाहीत. माझ्या वर्गावर बदली शिक्षक आलाय, गिटार वाजवतो. पोरांना आवडतो का विचारलं. ती म्हणाली, आवडतो, पण इसाक्की त्याला सांगतो की बाई असं करत नाहीत. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

शरदात शाळा उघडल्यावर परत येशील का, तिने विचारलं. मी सांगितलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

नऊ चित्रं असायला हवी होती. आठच होती. मी काही बोलायच्या आत ओनेर्वा म्हणाली, सायमीने काढलं नाही. तळ्यावरच्या त्या दिवसापासून ती पुन्हा गप्प झालीये. तुझं नाव निघालं की वर्गातून बाहेर जाते.

५ एप्रिल

आज तायस्तोला सांगितलं, मला सातूच्या घरी सोड. त्याने किल्ली घेतली. आत येऊ का विचारलं, मी म्हटलं, तू दुकानापर्यंत फेरी मारून ये.

ऊन इतकं की बर्फाकडे बघवत नव्हतं. सातू अंगणात बर्फावरच्या स्कूटरचं इंजिन उघडून बसली होती, कोपरापर्यंत ग्रीस. म्हणाली, "बाई, तुम्ही कशाला आलात, आम्ही आलो असतो." मग मान खाली घालून म्हणाली, "ती येणार नाही बाहेर. गाडी बघितली आणि सरपणाच्या खोलीत जाऊन बसली."

मी सरपणाच्या खोलीच्या दाराबाहेर ओंडक्यावर बसले. दार किलकिलं होतं. आत लोकरी मोजे घातलेले दोन पाय दिसत होते. काय बोलायचं ते येताना जुळवून आणलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

आतून आवाज आला. "तुम्ही रागावला होतात."

"हो," मी म्हटलं.

"आता?"

"आता नाही."

पाय जरा हलले. "आई म्हणाली, तुम्ही मरणार होता."

सातूने इंजिनावरून मान वर केली. पोरांशी अशा वेळी काय बोलतात ते मला माहीत आहे, पस्तीस वर्षं तेच बोलत आले. आज ते नको वाटलं. मी म्हटलं, "हो. आई खरं बोलली. त्या दिवशी तू बोलली नसतीस तर कदाचित मेले असते."

मग तिने सांगितलं. तुकड्यातुकड्याने, लाकडांकडे तोंड करून. आजोबा खुर्चीत झोपायचा. गोठ्यापर्यंत जाऊन यायचं म्हटलं तरी मध्ये थांबायचा. तिला माहीत होतं, कारण शाळेतून आल्यावर ती त्याच्याजवळ असायची. त्याने सांगितलं होतं, आईला बोलू नकोस, तिला आधीच फार काम आहे. ती नाही बोलली.

सातूच्या हातातला पाना खाली पडला. तिने तो उचलला नाही.

मी म्हटलं, "सायमी, मोठ्या माणसाला बरं नाही हे सांगायचं काम लहान मुलाचं नसतं. ते आजोबांचं काम होतं. माझं काम होतं. आम्ही दोघांनीही केलं नाही."

"पण मी सांगितलं असतं तर?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही." खोटं सांगवेना. "पण पुन्हा कधी तसं दिसलं तर लगेच सांग. कुणी रागावलं तरी."

"ओरडून?"

"ओरडून."

तिने दार उघडलं. सरळ माझ्याकडे आली नाही. आधी आईकडे गेली, तिच्या ग्रीसच्या हाताला बिलगून उभी राहिली. सातू हात अंगापासून लांब धरून रडत होती, पोरीचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून. मग तेही विसरली. मी तळ्याकडे बघत बसले. काठाजवळ बर्फ काळा पडायला लागलाय.

नंतर सायमी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पूर्वीसारखीच, थेट तोंडाकडे बघत.

"रस्त्यापर्यंत चालता येईल तुम्हाला?"

रस्ता वर, चढ चढून. तायस्तोची गाडी अजून आली नव्हती.

"एका दमात नाही येणार," मी म्हटलं.

तिने चढाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग थांबू मध्ये," असं म्हणून ती बूट घालायला घरात पळाली.